सोयाबीनचा भाव तेलात नाही, पेंडीत आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लातूर, वाशीम आणि अकोला येथील बाजार समित्यांत सोयाबीन हमीभावाच्या बरेच खाली विकले जात असल्याच्या बातम्या गेले काही आठवडे आपल्या दैनिकात येत आहेत. त्यांतील बहुतेक बातम्यांचा शेवट एकाच मागणीने होतो: सरकारने आयात होणाऱ्या खाद्यतेलावरचे शुल्क वाढवावे, म्हणजे सोयाबीनचा भाव आपोआप वर येईल. ही मागणी मनापासून केलेली आहे आणि ती करणारे शेतकऱ्यांचे हितचिंतक आहेत, याविषयी मला शंका नाही. परंतु ती अर्धीच बरोबर आहे. उरलेला अर्धा भाग डोळ्यांआड राहिल्यामुळे शेतकऱ्याची दर हंगामात निराशा होते. त्यासाठी हे थोडे लांबलेले पत्र लिहीत आहे.

मी इंदूरचा रहिवासी असून आमच्या घराची देपालपूर तहसिलीत अठरा बिघे जमीन आहे. इकडचा बिघा म्हणजे हेक्टरचा साधारण चौथा हिस्सा. बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून गेली चौदा वर्षे मी त्या जमिनीचा हिशेब स्वतः ठेवतो; शेती बटाईने एक कुटुंब करते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर माल विकून आल्यावर त्या कुटुंबातील मोठ्या मुलाने मला विचारले, "काका, तेलाचा डबा एवढा महाग झाला, मग आपलं सोयाबीन स्वस्त कसं?" बँकेत आयुष्य काढूनही मला त्याला ताबडतोब उत्तर देता आले नाही. मग छावणी मंडीतल्या जुन्या ओळखीच्या दलालांकडे, तेलाच्या प्लांटमध्ये काम केलेल्या एका नातलगाकडे आणि माझ्या वहीतल्या आकड्यांकडे मी पुन्हा पुन्हा गेलो, आणि उत्तर हळूहळू उलगडले.

सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो, सरकारी कागदांतही ते तेलबियांच्या यादीत आहे, पण त्याच्या दाण्यात तेल अवघे अठरा-वीस टक्के असते. भुईमुगात किंवा मोहरीत तेलाचे प्रमाण याच्या दुप्पट असते. एक क्विंटल सोयाबीन प्लांटमध्ये गेले की साधारण अठरा किलो तेल आणि ऐंशी किलोंच्या आसपास पेंड निघते; बाकी घट. ही पेंड, जिला इंदूरच्या बाजारात सगळे डीओसी म्हणतात, प्रथिनांनी समृद्ध असते आणि ती कोंबड्यांच्या, जनावरांच्या व माशांच्या खाद्यात जाते. म्हणजे प्लांटवाला सोयाबीन खरेदी करतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर दोन मालांचा भाव असतो, आणि त्यांतला वजनाने मोठा माल पेंड आहे.

समजण्यासाठी दोन वर्षे कल्पू या. पहिल्या वर्षी कच्चे तेल किलोला ११० रुपये आणि पेंड ४५ रुपये आहे. एका क्विंटलमधून तेलाचे १९८० आणि पेंडीचे ३६०० असे मिळून ५५८० रुपये येतात. दुसऱ्या वर्षी सरकारने शुल्क वाढवल्याने तेल १३० रुपये झाले, पण पेंड ३२ रुपयांवर घसरली. आता तेलाचे २३४० आणि पेंडीचे २५६०, एकूण ४९००. तेल किलोमागे वीस रुपयांनी महाग झाले, ग्राहकाने ते वीस रुपये मोजलेही, आणि तरी एका क्विंटल सोयाबीनची किंमत ६८० रुपयांनी उतरली. यातून गाळपाचा खर्च, वाहतूक, मंडी शुल्क आणि प्लांटचा नफा वजा केला की शेतकऱ्याच्या हाती काय येईल ते कोणीही काढू शकतो. तेलाच्या भावातला एक रुपया शेतकऱ्याच्या क्विंटलमध्ये अठरा रुपये घालतो आणि पेंडीच्या भावातला एक रुपया ऐंशी रुपये. पेंड एक रुपयाने उतरली तर ती भरून काढायला तेल जवळजवळ साडेचार रुपयांनी चढावे लागते. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते, पण आमच्या गावात ते कोणाला माहीत नव्हते, आणि मलाही नव्हते.

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले असले तरी घडलेली गोष्ट याच धर्तीची आहे. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के केले. अधिभार धरून प्रत्यक्ष शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झाले, आणि रिफाइंड तेलावरचे १३.७५ वरून ३५.७५ टक्के. त्याच्या आधीच्या पंधरवड्यात मध्य प्रदेशात शेतकऱ्यांनी क्विंटलला ६००० रुपयांच्या मागणीसाठी गावोगाव ट्रॅक्टर मोर्चे काढले होते, त्यामुळे या निर्णयाचे इकडे मोठे स्वागत झाले. तेलाचे भाव चढले. सोयाबीन मात्र त्या हंगामात ४८९२ रुपयांच्या हमीभावाला पोहोचले नाही. माझ्या वहीत त्या वर्षीची विक्री ४२५० रुपयांची आहे, आणि दहा वर्षे मागे गेले तर तेथेही जवळजवळ तोच भाव लिहिलेला आहे. दरम्यान डिझेल, मजुरी, तणनाशक आणि बियाणे कुठल्या कुठे गेले. शुल्काची भिंतही पूर्ण बंद नव्हती. दक्षिण आशियातील मुक्त व्यापार करारामुळे नेपाळमधून शुल्काशिवाय येणाऱ्या रिफाइंड सोयातेलाची आवक या वाढीनंतर एकदम फुगली, आणि नेपाळ स्वतः एवढे सोयाबीन पिकवत नाही हे वेगळे सांगायला नको.

पेंड का उतरली, हा खरा प्रश्न आहे. देशात मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढण्याचे कारखाने झपाट्याने वाढले. इथेनॉल काढल्यावर मागे राहणारा वाळवलेला चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, प्रथिनयुक्त असतो आणि पेंडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. खाद्य बनवणाऱ्यांनी पेंडीचा वाटा कमी करून त्याचा वाटा वाढवला. यात कोणाचा दोष नाही. पण परिणाम असा झाला की सोयाबीनला कंटाळून आमच्या तहसिलीतले शेतकरी मक्याकडे वळले, तो मका इथेनॉलसाठी गेला, आणि त्याच्या चोथ्याने उरलेल्या सोयाबीनचा भाव आणखी दाबला. धोरणे आखणाऱ्यांनी इथेनॉलचा हिशेब पेट्रोलच्या आयातीपुरता केला. त्याच वेळी मालवा-विदर्भ-मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यावर त्याचे काय होईल, हेही कोणीतरी मांडायला हवे होते.

देशात पेंड जास्त झाली तर ती बाहेर जायला हवी, आणि निर्यातीचा प्रश्न येथे येतो. इंदूर हे या व्यापाराचे केंद्र आहे. सोयाबीन प्रक्रिया करणाऱ्यांची संघटना, सोपा, १९७९ पासून याच शहरात आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेची सोयाबीन संशोधन संस्था १९८७ पासून खंडवा रस्त्यावर आहे. कधीकाळी मालव्यातले शेतकरी पावसाळ्यात काळी जमीन पडीक ठेवत, कारण तीत पाणी साठून खरिपाचे पीक हाती लागणे कठीण असे, आणि त्या ओलीवर रब्बीत गहू-हरभरा घेत. सत्तरच्या दशकापासून सोयाबीन त्या रिकाम्या खरिपात बसले. तेव्हाच्या पिढीने ज्या वेगाने हे अनोळखी पीक स्वीकारले त्याचे मुख्य कारण नगद पैसा हे होते, आणि तो पैसा मोठ्या प्रमाणात पेंडीच्या निर्यातीतून येत होता. पंधरा-सतरा वर्षांपूर्वी देशातून वर्षाला चाळीस लाख टनांच्या घरात सोयापेंड बाहेर जात असे. कांडला बंदरातून ती जपान, व्हिएतनाम, इंडोनेशिया, थायलंड अशा पूर्वेकडच्या देशांना पोहोचत असे. पुढे दोन दुष्काळी वर्षांनंतर २०१५-१६ मध्ये ही निर्यात एक लाख टनाच्याही खाली आली. मधल्या काळात ते ग्राहक अर्जेंटिना आणि ब्राझीलकडे गेले. एकदा गेलेला ग्राहक परत आणण्यासाठी कमी भाव पुरत नाही; त्याला दर महिन्याला जहाज वेळेवर येईल याची खात्री लागते.

इराणचे उदाहरण आठवावे. अमेरिकेच्या निर्बंधांच्या काळात इराणच्या कच्च्या तेलाचे पैसे भारतातल्या एका बँकेत रुपयांत जमा होत आणि त्या रुपयांतून इराण भारताची पेंड, तांदूळ आणि चहा विकत घेई. त्यामुळे इराण आपल्या पेंडीचा मोठा ग्राहक झाला होता. मे २०१९ नंतर इराणचे तेल घेणे थांबले, तो रुपयांचा साठा आटला, आणि व्यवहार अवघड झाला. देपालपूरच्या शेतकऱ्याच्या खरिपाचा एक धागा तेहरान आणि वॉशिंग्टन यांच्यामधून जात होता, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

आपल्याजवळ एक वेगळी गोष्ट आहे, तिचा मात्र आपण नीट उपयोग केला नाही. भारतात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, त्यामुळे येथली सगळी पेंड जनुकीय बदलाविना आहे. ब्राझील, अर्जेंटिना आणि अमेरिका येथे जवळजवळ सगळेच सोयाबीन जनुकीय बदल केलेले असते. जर्मनी, फ्रान्स आणि युरोपातील इतर काही देशांत अशा बदलाविनाच्या पेंडीला जास्त दर देणारे ग्राहक आहेत, आणि अलीकडच्या वर्षांत तेथे आपली काही पेंड जातेही. हा जास्त दर टिकवायचा असेल तर शेतापासून बंदरापर्यंत माल वेगळा ठेवल्याचा विश्वासार्ह दाखला लागतो. तो दाखला देण्याची स्वस्त आणि खात्रीची व्यवस्था लहान शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांना कोणी उभी करून दिली, तर प्लांटवाल्यांना मिळणाऱ्या जास्त दरातला काही भाग तरी गावापर्यंत येईल. आज तो येत नाही, कारण मंडीत माझे सोयाबीन आणि शेजाऱ्याचे सोयाबीन एकाच ढिगात पडते.

याच वैशिष्ट्याला सर्वांत मोठा धक्का आपणच दिला, तो ऑगस्ट २०२१ मध्ये. त्या पावसाळ्यात सोयाबीन कधी नव्हे ते क्विंटलला दहा हजारांच्या आसपास पोहोचले होते. कुक्कुटपालन करणारे हवालदिल झाले, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कोंबडीच्या उत्पादन खर्चात खाद्याचा वाटा दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्याची परवानगी दिली. निर्णय झाला तेव्हा आमच्या शेतात पीक फुलोऱ्यातून शेंगांत येत होते. ज्यांच्याकडे दहा हजारांना विकायला सोयाबीन होते असे शेतकरी गावात चार-दोन होते. बाकी सगळ्यांचे मागच्या हिवाळ्यातच विकून झाले होते. उच्चांकी भाव त्यांनी फक्त फळ्यावर वाचला. ऑक्टोबरात नवीन माल घेऊन आम्ही मंडीत गेलो तेव्हा भाव ५१०० होता. पुढे २० डिसेंबर २०२१ रोजी सोयाबीन आणि त्याच्या तेल-पेंडीसह इतर काही शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आज ठरलेल्या भावाने होणारे सौदे, बंद करण्यात आले, आणि त्या बंदीला वर्षामागून वर्षे मुदतवाढ मिळत गेली.

वायद्यांविषयी शहरातल्या सुशिक्षित मंडळींच्या मनात सट्ट्याची प्रतिमा आहे, ती मी समजू शकतो. पण एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारातील सोयाबीन वायद्याचे मूळ वितरण केंद्र इंदूरच होते, आणि आमच्या गावातली मुले पेरणीच्या आधी मोबाइलवर ऑक्टोबरचा भाव बघत असत. त्यांतल्या कोणीही कधी वायद्यात सौदा केला नाही. तो भाव पाहून किती बिघ्यांत सोयाबीन घ्यायचे आणि कितीत दुसरे काही, एवढेच ते ठरवत. मग ती खिडकी बंद झाली. शिकागोचा भाव आणि मलेशियाचा पाम तेलाचा भाव, ज्याला मंडीत केएलसी म्हणतात, व्यापाऱ्याला मिनिटामिनिटाला दिसतो आणि शेतकऱ्याला व्यापारी सांगेल तेवढा. सट्टेबाजीला आळा घालायचाच असेल तर सौद्यांच्या मर्यादा कडक करता येतात, अनामत वाढवता येते. बाजारच बंद ठेवल्याने भाव ठरायचा राहत नाही, फक्त तो उघड्यावर ठरत नाही.

या चार-पाच वर्षांच्या निर्णयांच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या तर माझे मुख्य म्हणणे लक्षात येईल. पेंडीची आयात ऑगस्टमध्ये, पीक शेतात उभे असताना. वायदेबंदी डिसेंबरात, निम्मा माल शेतकऱ्याच्या घरात असताना. शुल्कवाढ सप्टेंबरात, कापणीच्या तोंडावर. आणि २०२५ मध्ये तर दोन निर्णय दोन दिवसांच्या अंतराने झाले. २८ मे २०२५ रोजी सोयाबीनचा हमीभाव ४३६ रुपयांनी वाढवून ५३२८ केला, आणि ३० मे रोजी कच्च्या खाद्यतेलांवरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले, म्हणजे प्रत्यक्ष शुल्क २७.५ वरून १६.५ टक्के झाले. एका हाताने हमीभाव वाढवायचा आणि दुसऱ्या हाताने बाजारभाव त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी करायची, असा त्याचा अर्थ शेतकऱ्याने लावला तर त्याला चुकीचे म्हणता येणार नाही. शहरातल्या गृहिणीला स्वस्त तेल मिळावे, ही सरकारची जबाबदारी आहे, हे मला मान्य आहे. माझ्याही घरात तेल विकतच आणले जाते. देशाच्या गरजेचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते, वर्षाला जवळजवळ १६० लाख टन, आणि त्यात पाम तेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे. असा देश शुल्काला कधीच हात लावणार नाही, अशी अपेक्षा मी करत नाही. अपेक्षा एवढीच आहे की हात लावायचा तो पेरणीपूर्वी.

बाहेरचे देशही आपल्या सोयीने शुल्क बदलतात, हे खरे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अर्जेंटिनाने परकीय चलनाच्या तातडीच्या गरजेपोटी धान्य आणि सोया उत्पादनांवरचा निर्यात कर थोड्या दिवसांसाठी शून्यावर आणला, आणि त्या एक-दोन दिवसांत भारतीय आयातदारांनी सोयातेलाचे मोठे सौदे करून घेतले. आपली कापणी त्याच सुमारास सुरू होत होती. असे धक्के आपल्या हातात नाहीत. म्हणूनच जे आपल्या हातात आहे ते तरी स्थिर असावे, असे मला वाटते.

कांद्याच्या बाबतीत आपल्या वाचकांनी हेच सोसले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात पूर्ण बंदी, मे २०२४ मध्ये किमान निर्यात मूल्य आणि शुल्कासह परवानगी, सप्टेंबरात शुल्क २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द. वीस महिन्यांत निदान पाच वेळा नियम बदलले. मध्य प्रदेशातल्या गव्हाचेही तसेच झाले: २०२२ च्या वसंतात युक्रेन युद्धामुळे निर्यातीची मागणी आली, मंडीत भाव हमीभावाच्या वर गेले, आणि १३ मे रोजी निर्यात थांबली. तेव्हा ज्यांनी आधीच माल विकला होता ते सुखी, आणि ज्यांनी थांबायचा शहाणपणा केला ते दुःखी. अशा अनुभवांतून शेतकरी धंद्याबद्दल जे शिकतो ते त्याच्या आणि देशाच्याही हिताचे नसते.

माझ्याच वहीतले उदाहरण देतो. २०२१ च्या ऑक्टोबरात ५१०० ला विकले म्हणून मला आणि आमच्या बटाईदाराला पुढे हळहळ वाटली, कारण २०२२ च्या वसंतात भाव सात हजारांच्या वर गेला. म्हणून पुढच्या वर्षीचा निम्मा माल आम्ही घरात ठेवला. ओसरीतल्या गोण्या वर्षभर जपल्या, दोनदा उन्हात घातल्या, वजनातली घट सोसली, आणि अखेर कापणीच्या वेळी मिळत होता त्याहूनही कमी भावाला त्या विकल्या. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला तो माल होता. त्या कुटुंबाने उरलेले पैसे व्याजाने काढले, आणि ते व्याज अजून फिटलेले नाही. मी त्यांना थांबायचा सल्ला दिला होता, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आता भावांतराविषयी. मध्य प्रदेशात २४ ऑक्टोबर २०२५ पासून सोयाबीनसाठी भावांतर योजना पुन्हा सुरू झाली. शेतकरी मंडीत मिळेल त्या भावाला माल विकतो, सरकार मंड्यांतल्या सरासरीवरून एक मॉडेल दर जाहीर करते, आणि हमीभाव व मॉडेल दर यांतला फरक खात्यात जमा होतो. पहिला मॉडेल दर चार हजारांच्या किंचित वर निघाला, म्हणजे फरक क्विंटलला तेराशे रुपयांच्या आसपास. या पैशांची गरज आहे, म्हणून मी या योजनेच्या विरोधात नाही. पण २०१७ मध्ये हीच योजना आली तेव्हा ठरावीक मुदतीत विकण्याच्या घाईने मंड्यांत आवक उसळली आणि भाव पडल्याची तक्रार सगळीकडे होती. शिवाय ज्याचा माल मॉडेल दरापेक्षा कमी भावाला गेला, त्याला मधले नुकसान कोणी देत नाही. २०२५ मध्ये येलो मोझॅक हा पाने पिवळी पाडणारा रोग आणि कापणीच्या वेळचा पाऊस यांमुळे ज्यांचा दाणा काळवंडला, त्यांना तीन हजारही मिळाले नाहीत. त्यांच्या हाती हमीभाव येत नाही. एका मंडीत आमच्याच ट्रॉलीला ओलाव्याच्या नावाखाली क्विंटलमागे अडीचशे रुपये कमी लावले गेले, तेव्हा यंत्रातला आकडा दाखवा म्हटल्यावर यंत्र बिघडल्याचे उत्तर मिळाले. सरकारी खरेदीत १२ टक्के ओलाव्याची अट असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, ते योग्यच झाले, पण तोवर लहान शेतकऱ्यांचा बराच माल व्यापाऱ्यांकडे जाऊन चुकला होता.

आणि हमीभाव तरी काय आहे? २०२५-२६ चा ५३२८ हा आकडा सरकारने धरलेल्या ३५५२ रुपये खर्चाच्या बरोबर दीडपट आहे. त्या खर्चात रोखीचा खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी येते. स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचे व्याज येत नाही. बटाईने करणाऱ्याला तर जमिनीचे भाडे अर्ध्या पिकाच्या रूपाने खरोखरच द्यावे लागते. आणि हा खर्च क्विंटलमागे आहे, म्हणजे तो उत्पन्नावर अवलंबून आहे. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा आमच्याकडे बिघ्याला दोन क्विंटलही पदरात पडले नाहीत. चांगल्या वर्षी चार पडतात. खर्च दोन्ही वर्षी तेवढाच.

येथे एक आक्षेप येतो, तो मी टाळत नाही. ब्राझील किंवा अमेरिकेत हेक्टरी तीन टनांहून जास्त सोयाबीन पिकते आणि आपल्याकडे एका टनाच्या आसपास. मग उत्पादकता वाढवण्याऐवजी भावाची तक्रार का करायची? प्रश्न रास्त आहे. पण आपले सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपासच्या पावसात, बिनपाण्याचे आणि लवकर पक्व होणाऱ्या जातींचे असते, कारण त्यामागे गहू किंवा हरभरा घ्यायचा असतो. त्यामुळे तुलना सरळ होत नाही. जुन्या जेएस ३३५ या जातीच्या जागी रोगाला तोंड देणाऱ्या नव्या जाती संशोधन संस्थांनी दिल्या आहेत. त्या घेण्यासाठी, रुंद सरी-वरंबे पाडण्यासाठी आणि बीजप्रक्रिया करण्यासाठी पैसा जूनमध्ये घालावा लागतो, आणि ऑक्टोबरात काय मिळेल हे ज्याला अजिबात कळत नाही तो घरचेच बी पेरतो. उत्पादकता आणि भावाची खात्री हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

कोंबडीपालन करणाऱ्या बंधूंना मी या पत्रातून शत्रू मानत नाही. ते आमचे सर्वांत जवळचे आणि भरवशाचे ग्राहक आहेत, आणि महाराष्ट्रात हजारो लहान शेतकरी त्या धंद्यावर जगतात. पेंड अवाच्या सवा चढली तर त्यांचे शेड रिकामे पडते, आणि रिकाम्या शेडला पेंड लागत नाही. त्यांनाही आमच्याइतकीच गरज आहे ती पुढच्या सहा महिन्यांचा भाव कळण्याची. सरकारने दरवर्षी एप्रिलअखेर खाद्यतेलाचे शुल्क, पेंडीच्या आयात-निर्यातीचे नियम आणि इथेनॉलसाठी मक्याचा अंदाज एकत्र जाहीर करावा आणि फेब्रुवारीपर्यंत त्याला हात लावू नये. अगदीच लावावा लागला, तर त्या बदलाने शेतकऱ्याचे जेवढे जाईल तेवढे भरून देण्याची तरतूद त्याच आदेशात असावी. शुल्क वाढले असता सरकारी तिजोरीत जी भर पडते, तिचा एक हिस्सा पेंडीच्या निर्यातीसाठी रेल्वे वाहतुकीत आणि बंदरातल्या साठवणीत सवलत देण्याकडे वळवला, तर देशातली जादा पेंड बाहेर निघेल आणि ऐंशी किलोंचा भाव सावरेल. तेलावरच्या शुल्काने जे साधत नाही ते यातून साधण्याची शक्यता अधिक आहे, असे माझा हिशेब सांगतो.

शेवटी आपल्याकडे एक विनंती आहे, आणि ती आपल्या अधिकारातली आहे. आपल्या बाजारभावाच्या सदरात रोज शेंगदाणा, सोया, पाम आणि सूर्यफूल तेलाचे दर येतात, सोयाबीनचा दर येतो, सोन्या-चांदीचाही येतो. सोयापेंडीचा दर मात्र येत नाही. इंदूर आणि लातूर येथील प्लांटचे पेंडीचे दर रोज बाजारात फुटतात. ते मिळवणे आपल्या वार्ताहरांना कठीण नाही. सोयाबीनच्या दराशेजारी एका ओळीत ते छापावेत. माल मंडीत न्यायचा की आठवडाभर थांबायचे, हे ठरवताना आमच्या बटाईदाराचा मुलगा ती ओळ वाचेल.

आपला नम्र,
एक शेतकरी-वाचक
लोकमान्य नगर, इंदूर
नोव्हेंबर २०२५